शिवेबाहेरचा पैरा

गैबी मुल्लाणीला हाक मारली की तो आधी हातातलं काम खाली ठेवतो आणि मग ओ देतो. चौथीत मी त्याला शिकवत होते तेव्हापासूनची त्याची ही रीत. हजेरीच्या वेळी पेन्सिल पाटीवर ठेवायची, उभं राहायचं, सदरा खाली ओढायचा आणि मग 'हजर' म्हणायचं. तेवढा वेळ कुठल्या बाईंना असतो? म्हणून शेजारी बसणारा सयाजी पवळे त्याच्या वतीनं ओरडायचा, "हाय बाई, गैब्या हाय!" वर्ग हसायचा, गैबीही हसायचा. आपल्या वाटचं कुणीतरी बोलतंय याचं त्याला बरंच वाटायचं.

आता दोघंही साठीला टेकलेत. सयाजीकडं रान आहे, जीप आहे, ट्रॅक्टर आहे, आणि समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची सवय तशीच आहे. गैबीची उमेदीची वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका फौंड्रीत साचे भरण्यात गेली. फौंड्री सुटली तरी मुल्लाणकी सुटत नाही. गावात कुणाकडं कोंबडं-बकरं कापायचं असलं की बोलावणं गैबीलाच. सुरी लावण्याआधी तो जनावराच्या मानेवरून एकदा हात फिरवतो. घाईतल्या माणसाला त्याचाही राग येतो.

आमचं गाव गडमुडशिंगीच्या पुढं. गावाला एक ओढा आहे, माळावरून येणारा. तो कबरस्तानापाशी कोयत्यासारखा वळतो. वळणाच्या पलीकडं सयाजीचं रान, अलीकडं कबरस्तान, आणि कोयत्याच्या पोटात, पाणी आणि कबरींच्या मधे, एक पडीक पट्टी. एकोणीसच्या महापुरात पाण्यानं वळणाचा मुलाहिजा ठेवला नाही. ते पट्टीवरून सरळ घुसलं आणि कबरस्तानाची कड घेऊन गेलं. गैबीच्या वडलांची कबर त्या कडेलाच होती. पूर ओसरल्यावर तो तिथं जाऊन उभा राहिला, तेव्हा दाखवायलासुद्धा जागा उरली नव्हती.

त्या वर्षीच त्यानं ती पट्टी हातात घेतली. पाण्याला अडवायचं नाही, पण त्याचा जोर झाडांच्या मुळांत मोडायचा, एवढाच त्याचा विचार होता. आधी रोपवाटिकेतून गुलमोहर आणून लावले. रस्ता ओलांडत धुण्याची बादली घेऊन निघालेली धोंडुबाई थांबली. धोंडुबाई परटीण, तिच्या सासूपासून सगळ्यांचं आयुष्य त्याच ओढ्यावर गेलेलं.

"गुलमोहर व्हय रं?" ती म्हणाली. "वड्याचं लगीन काढलंयस काय?"

"मग काय लावू, धोंडूआत्ती?"

"जे हुतं ते लाव की. वाळुंज हुती हितं. तिच्या सावलीत आम्ही धुणं आपटायचो. निगडी हुती, करंज हुतं. तुमच्या त्या बेशरमीनं सगळं खाल्लं."

गैबीनं तिचं लगेच ऐकलं असं नाही. एकवीसच्या पुरानं गुलमोहर नेले, तेव्हा ऐकलं. मग त्यानं काठभर माजलेल्या बेशरमीची जाळी मुळांसकट उपटायला घेतली. वाळुंजीच्या हिरव्या काठ्या नदीकाठावरून आणून ओल्या चिखलात खोवल्या. ते झाड नुसत्या काठीवरही धरतं. वर निगडी, तिच्या वर करंज आणि उंबर. पाण्यालगत लव्हाळा आपणहून आला.

एकट्या माणसाचं हे काम नव्हे. गैबीनं ते पैऱ्यावर केलं. आमच्याकडं पैरा अजून चालतो: आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. त्यात रोजगार नाही, उपकार नाही. पैऱ्याचं बोलावणं आलं की काम काय आहे हे विचारत नाहीत, खुरपं आणू का कुदळ एवढंच विचारतात. बोलावणाऱ्यानं दुपारची भाकरी द्यायची. आणि पैरा गावच्या शिवेच्या आत. शिवेबाहेरचा माणूस तुमचा दिवस फेडायला कधी येणार? गैबीला स्वतःचं रान जेमतेम एकरभर. तो लोकांच्या रानात तण काढायची भांगलण करायचा, उसाचा पाला काढायचा, आणि आपले फिरून येणारे दिवस सगळे त्या पट्टीवर घालायचा. अर्ध्या गावानं तिथं खड्डे काढलेत. सयाजीनं तर सगळ्यांत जास्त. ट्रॅक्टरनं गाळ ओढून दिला, उन्हाळ्यात आपल्या मोटरीचं पाणी सोडलं.

गैबीची बायको नजीरा दुपारी चहाची किटली घेऊन यायची. तिची जीभ धारेची.

"घरात एक फुलझाड लावलं न्हाय कधी," ती मला म्हणाली, "आणि हितं जंगल करायला निघालाय. बाई, तुम्ही शाळंत ह्यास्नी काय शिकवलं हुतं?"

"तुझ्यासाठनंच करतोय की," गैबी म्हणाला.

"माझ्यासाठनं? मला ह्या कडंला पुरायचा बेत हाय वाटतं. आधीच सांगतो, मला पोहायला येत न्हाय."

खड्ड्यातली माणसं पोट धरून हसली. पुढच्या हिवाळ्यात नजीरा आजारी पडली आणि महिन्याच्या आत गेली. कबरस्तानात जागा उरली होती ती कडेचीच. गैबीनं तिला तिथं ठेवलं. त्यानंतर ती पट्टी त्याच्यासाठी नुसती झाडांची राहिली नाही. त्या मुळांच्या भरवशावर त्यानं बायकोला पाण्याशेजारी ठेवलं होतं.

मुळांनी तो भरवसा पाळला. पुढच्या दोन पावसाळ्यांत पाणी पट्टीत शिरलं, पण वाळुंजीत घुसमटून, गाळ टाकून, सावकाश परत फिरलं. कबरस्तानाची माती हलली नाही. हिवाळ्यात नितळ पाण्यातून ओढ्याचा तळ दिसू लागला. सुगरणींनी खोपे बांधले. मुलांना झाडं दाखवायला शाळेतले नवे शिक्षक तिथं घेऊन यायचे आणि गैबी हातातलं खुरपं खाली ठेवून प्रत्येक मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा.

ओढ्याच्या पलीकडं मात्र दुसरंच घाटत होतं. एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांना घरं हवी होती. सयाजीनं रानाचे प्लॉट पाडायचं ठरवलं. वळणामुळं त्याच्या रानाला रस्ता मिळत नव्हता. ओढा सरळ केला, म्हणजे गैबीच्या पट्टीतून नवी चर काढून पाणी तिकडून काढलं, की जुनं वळण बुजवता येणार होतं. रस्ताही होणार होता आणि वर जागाही सुटणार होती. हे आम्हाला नंतर कळलं. गैबीला तर कुणी विचारलंच नाही.

गेल्या वर्षी माघात एका संध्याकाळी सयाजी गैबीच्या कट्ट्यावर येऊन बसला.

"गैब्या, उद्या पैरा हाय. लावण करायची."

"येतो की. कुदळ का खुरपं?"

"काय नको. हात आण नुसतं. बिद्रीला जायाचं हाय, मेव्हण्याच्या रानात. त्याला माणसं मिळंनात."

 पैरा शिवेबाहेर जात नाही हे गैबीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण पुढं त्यानंच मला सांगितलं, "बाई, मला वाटलं, सयाजीचा मेव्हणा म्हंजे परका हाय व्हय? आन् किती दीस त्यानं मला दिल्यात. शीव काय मोजायची त्याच्यासंगं?"

सकाळी निघण्याआधी सयाजीच्या दारात त्यानं बरोबर न्यायला कोंबडं कापलं. पैऱ्याच्या जेवणाला कोंबडं कुणी करत नाही, झुणका आणि कांदा असतो. त्यानं ते हसण्यावारी नेलं. मग सयाजीनं त्याला जीपमध्ये पुढं, आपल्या शेजारी बसवलं. जीप सरळ हमरस्त्याला न लागता गावातून फिरली. चावडी, दूधसंस्था, पाराचा चौक. सयाजी प्रत्येक ठिकाणी हॉर्न वाजवत होता, आणि गैबी लोकांना हात करत होता.

दिवसभर त्यांनी बिद्रीला उसाच्या कांड्या लावल्या. सयाजीची बायको क्रांती माहेरीच येऊन राहिली होती. तिनं दुपारी रानात जेवण आणलं. गैबीच्या ताटात ती फोडीवर फोड घालत राहिली.

"बास की वहिनी," तो म्हणाला. "बळी द्यायच्या बकऱ्यागत चारायला लागलाय मला."

क्रांती तशीच उठली आणि भांडं घेऊन विहिरीकडं गेली. बराच वेळ परत आली नाही. सयाजी म्हणाला, "तिचं काय मनावर घिऊ नगंस. डोकं दुखतंय तिचं सकाळधरनं."

इकडं दहाच्या सुमारास ओढ्यावर जेसीबी उतरला. आवाज ऐकून मी गेले, आणखी दहा-पंधरा जण आले. त्यांतल्या बहुतेकांनी त्या पट्टीत कधी ना कधी घाम गाळला होता. पहिली वाळुंज आडवी झाली तेव्हा धोंडुबाई पुढं झाली आणि मशीनच्या पुढ्यात चिखलात फतकल मारून बसली. ऐंशीच्या घरातली बाई.

"घाल माझ्या अंगावरनं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मुडद्या, कुणाला इचारून तोडतोस?"

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. तेव्हा गैबीचा मुलगा अझीम पुढं आला. अझीमही फौंड्रीतच आहे, बायको फरहीनसह बापाच्याच दोन खोल्यांत राहतो; त्या दिवशी तो रजा काढून काठावर उभा होता. त्यानं वाकून धोंडुबाईच्या खांद्याला धरलं.

"उठा आज्जी. अब्बास्नी सगळं ठाव हाय."

"ठाव हाय?"

"ठाव नसतं तर सयाजीकाकांच्या जीपमधी पुढं बसून गेलं असतं व्हय? तुम्हीच बघितलासा की सकाळी."

सगळ्यांनी बघितलं होतं. मीही बघितलं होतं. पोटचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर आणखी काय विचारायचं राहतं? धोंडुबाईनं एकदा अझीमच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात टेकून उठली. दुपारपर्यंत पट्टी साफ झाली. संध्याकाळी नवी चर तयार होती, सरळ, काठावर एक पान नाही, आणि तिचा एक काठ म्हणजे कबरस्तानाची उघडी माती.

जीप परत आली तेव्हा अजून ऊन होतं. ओढ्यावरच्या फरशीपुलावर येताच गैबीनं सयाजीला गाडी थांबवायला सांगितली. उतरला. आम्ही काठावर होतो. तो कुणाशी बोलला नाही. आधी नजीराच्या कबरीपाशी गेला, तिथून चरीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी पाहिलं, मग आडव्या पडलेल्या वाळुंजीवर हात ठेवून उभा राहिला. सयाजी मागोमाग आला.

"गैब्या, ऐक. झाडं काय, परत लावता येत्यात. मी स्वतः आणून देतो. पण पोरांचं बघायला पायजे का नको? अझीमला बी एक प्लॉट ठेवलाय मी. शब्द हाय माझा."

गैबी अझीमकडं वळला. "तुला ठाव हुतं?"

अझीम खाली बघत राहिला. "अब्बा, किती वर्सं त्या दोन खोल्यांत राहायचं? फरहीन रोज..."

"फरहीनचं नाव घिऊ नगंस. ठाव हुतं का?"

"हुतं."

गैबी सयाजीला म्हणाला, "मला इचारलं असतंस."

"इचारलं असतं तर तू न्हाय म्हणाला असतास."

"व्हय."

"म्हणून न्हाय इचारलं," सयाजी म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. आपण एक अवघड काम मित्राला त्रास न देता उरकलं, असंच त्याला मनापासून वाटत होतं. ते ऐकून मला त्याची जास्त भीती वाटली.

तेवढ्यात धोंडुबाई गैबीजवळ आली. "लेकरा, मी बसलो हुतो रं मशीनम्होरं. मग उठलो. तुला ठाव हाय म्हणाला तुझा अझीम."

"तुमी काय करणार, आत्ती," गैबी म्हणाला. "मी जीपमधनं हात करत गेलतो सगळ्यास्नी."

पुढच्या दिवसांत लोक एकेक करून त्याच्या कट्ट्यावर येऊन गेले. प्रत्येकाचं सांगणं एकच: आम्हाला वाटलं तुझी संमती आहे. तो सगळ्यांना चहा द्यायचा. मी म्हटलं, ओढ्याचं पात्र असं बदलता येत नाही, तक्रार करू, मी लिहून देते. त्यानं हातातली सुरी दगडावर ठेवली, मग म्हणाला, "करू की. पण त्यात पयलं नाव कुणाचं घालायचं, बाई? माझ्या पोराचं?" मी अर्ज लिहिला नाही.

अझीम त्याच घरात होता. फरहीन दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची. गैबी मुलावर ओरडला नाही, त्याला घराबाहेर काढलं नाही. काही लागलं तर फरहीनला सांगायचा. चार पावलांवर बसलेल्या मुलाला निरोप सुनेच्या तोंडून जायचा.

वाळुंजीच्या तोडलेल्या काठ्या त्यानं कबरस्तानाच्या उघड्या काठाला पुन्हा खोवल्या. उन्हाळा होता, माती कोरडी. बादलीनं पाणी घालायचा. मदतीला आलेल्यांना म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, माझं मी करतो." काही काठ्यांनी पालवी धरली. पण एका उन्हाळ्याच्या मुळांना पाणी किती मानणार?

आषाढात पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी ओढा आला. आता त्याला वळायचं नव्हतं, लव्हाळ्यात अडखळायचं नव्हतं. चरीतून तो तीरासारखा सुटला आणि कबरस्तानाच्या काठाला खालून खाऊ लागला. नव्या काठ्या पहिल्या तासात गेल्या. मातीचे ढपले कोसळायला लागले. गैबी एकटाच दगड रचत होता. अझीम येऊन त्याच्या शेजारी दगड उचलू लागला, तेव्हा त्यानं त्याच्याकडं पाहिलंही नाही आणि त्याला हटवलंही नाही.

तेवढ्यात फरशीवरून ट्रॅक्टर आला. सयाजी होता. ट्रॉलीत वाळूची पोती आणि दहा माणसं. अंगावर इरलं नाही, डोक्यावर पोतं नाही. तो पहिला खाली उतरला आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पोती लावू लागला. ओरडून माणसांना शिव्या घालत होता, आणि रडत होता. पावसात रडणं दिसत नाही असं लोक म्हणतात. सयाजीचं दिसत होतं. दिवस मावळेपर्यंत ते राबले. काठ दोन हात आत आला, पण नजीराची कबर राहिली. तिच्या पायथ्यापासून पोत्यांची भिंत सुरू होत होती.

पाणी उतरायला लागल्यावर सयाजी वर आला. थंडीनं कुडकुडत होता. गैबीनं त्याला आपल्या खांद्यावरचा टॉवेल दिला.

"गैब्या, बोल की आता काय तरी. शिव्या तरी घाल."

 गैबी म्हणाला, "तुझा एक दीस माझ्यावर राहिला. सांग कवा येऊ."

"आरं, पैऱ्यानं आलतो व्हय मी? नजीरावहिनीसाठनं आलतो!"

"सांग कवा येऊ."

सयाजीनं सांगितलंच नाही. श्रावण गेला, भादवा गेला. शेवटी सयाजीच्या वरच्या रानात उसाची भांगलण लागली हे कळल्यावर गैबी आपणच सकाळी खुरपं घेऊन बांधावर हजर झाला. भांगलणीच्या बायकांनी मला हे सांगितलं. तो त्यांच्या ओळीच्या शेवटाला बसला आणि एक सरी धरून निघाला. तण मुळासकट काढत होता, उसाच्या कोंभाला धक्का न लावता. सयाजी दोनदा येऊन गेला. "उठ रं, कशाला लाजवतोस," म्हणाला. गैबीनं खुरपं खाली ठेवलं, त्याचं ऐकून घेतलं आणि पुन्हा खुरपं उचललं.

दुपारी क्रांतीनं स्वतः भाकरी आणली. पैऱ्याची भाकरी घ्यावी लागते. न घेणं म्हणजे दारात जाऊन पाणी नाकारण्यासारखं. गैबी थोडा लांब, बांधावरच्या करंजाखाली गेला, कमरेला बांधलेलं फडकं सोडलं आणि फरहीननं दिलेली भाकरी-चटणी खाऊ लागला. क्रांतीच्या हातात ताट तसंच राहिलं. एका बाईनं ते घेतलं आणि तिला सावलीत बसवलं.

सांजेला काम थांबलं. गैबीनं पाटाच्या पाण्यात खुरपं धुतलं, पुसलं आणि सयाजीपाशी आला.

"फिटला न्हवं दीस?"

सयाजी दुसरीकडं बघत राहिला. आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं पुरी करणाऱ्या माणसाला त्या वेळी स्वतःचं एक वाक्य सापडेना.

 बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं गैबीनं पुन्हा विचारलं, "सयाजी, फिटला का न्हाय?"

"फिटला," सयाजी म्हणाला.

बायका सांगतात, गैबी त्यावर बरं म्हणाला, टोपी नीट केली आणि बांधावरून निघाला. सयाजी जीप घेऊन त्याच्या मागं थोडी वाट गेला. गैबीनं रस्त्याच्या कडेला होऊन त्या जीपला वाट दिली, जशी शिवेबाहेरनं आलेल्या कुठल्याही पाव्हण्याच्या गाडीला देतात.